पत्र्याची वाटी : दाबयंत्राची विद्या आणि तिचें मोल

आपल्या स्वयंपाकघराच्या फडताळांत स्टेनलेस स्टीलच्या वाट्यांची चवड लावलेली असते. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. माप तेंच, वजन तेंच, कांठाची गोलाई तीच. नित्याच्या वापरामुळें या वस्तूंकडे आपलें लक्षही जात नाहीं. ज्या पिढ्या तांब्यापितळेच्या भांड्यांत वाढल्या त्यांची गोष्ट निराळी होती. पुण्याच्या तांबट आळींतून जातांना हातोड्यांचा नाद कानीं पडे, आणि भांड्याच्या अंगावरील मठारकामाच्या खुणा पाहून तें मनुष्याच्या हातानें घडलें आहे हें लहान मुलालाही कळे. स्टीलच्या वाटीवर अशी एकही खूण नसते. त्यामुळें ती जणूं आपोआपच झाली असा आपला समज होतो. हा समज दूर करावा, सपाट पत्र्याची वाटी कोणत्या युक्तीनें होते तें सांगावें, आणि त्या कामीं कोणाचें काय पणाला लागतें तेंही वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बळ आणि अंतर

ज्या यंत्रावर हें काम होतें त्यास कारखान्यांत पॉवर प्रेस म्हणतात. आपण त्यास दाबयंत्र म्हणूं. एक भक्कम लोखंडी चौकट, तिच्यांत वरखालीं सरकणारा ठोकळा, आणि बाजूस एक अवजड चाक, असें त्याचें सामान्य रूप असतें. विजेची मोटर हें चाक सतत फिरवीत राहते व चाकांत शक्ति सांठत जाते. कामगारानें पायाखालची पट्टी दाबली कीं फिरत्या चाकाचा ठोकळ्याशीं संबंध जुळतो आणि सांठलेली शक्ति निमिषार्धांत खालीं उतरते. ठोकळ्याला जो ठसा जोडलेला असतो त्यास पंच म्हणतात. खालच्या पाटावर पक्की बसविलेली, त्याच आकाराची पोकळी असलेली जी जोडीदारीण, ती डाय. पंच डायमध्यें उतरतो आणि दोहोंच्या मध्यें सांपडलेला पत्रा कापला तरी जातो किंवा आकार तरी घेतो. या धंद्यांतील सर्व क्रिया याच एका हालचालीच्या निरनिराळ्या लीला आहेत.

आपली वाटी आठ सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच आहे व तिचें बूड सपाट आहे असें धरूं. तिच्यासाठीं प्रथम पत्र्याची एक गोल चकती कापावी लागते. ती केवढी असावी? येथें शाळेंतील भूमिति उपयोगी पडते. पत्र्याची जाडी फारशी बदलत नाहीं असें गृहीत धरलें, तर वाटीच्या बुडाचें आणि भोंवतालच्या भिंतीचें क्षेत्रफळ मिळून जेवढें होतें तेवढेंच चकतीचें असलें पाहिजे. हिशेब केला असतां चकतीचा व्यास सुमारें १३९ मिलिमीटर निघतो. आतां पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर एवढी चकती एका ठोक्यांत कापण्यास जवळजवळ अकरा टनांचा दाब लागतो. चकतीच्या परिघाला पत्र्याच्या जाडीनें गुणावें, आणि त्या गुणाकारास तो धातु चौरस मिलिमीटरमागें कापण्यास किती जोर मागतो त्या आकड्यानें पुन्हां गुणावें, म्हणजे हा अंदाज कोणासही करतां येईल.

अकरा टन ही संख्या ऐकून छाती दडपते. परंतु बळ ही या विद्येंतील सर्वांत सोपी बाब आहे. पैसे टाकले कीं ती बाजारांत मिळते. खरें कौशल्य आहे तें पंच आणि डाय यांच्यामध्यें राखलेल्या अंतरांत. पंच डायमध्यें अगदीं घट्ट बसला तर दोहोंच्या धारा लवकर झिजतात व दाबही अधिक लागतो. तो फार सैल असला तर पत्रा कापला न जातां आंत ओढला जातो आणि चकतीच्या कडेला बोचरा कंगोरा राहतो. म्हणून हें अंतर प्रत्येक बाजूस पत्र्याच्या जाडीच्या शेंकडा पांच ते दहा एवढें ठेवण्याची सर्वसाधारण रीत आहे. आपल्या अर्ध्या मिलिमीटर पत्र्यासाठीं तें मिलिमीटरच्या वीस ते चाळीस भागांपैकीं एक भाग भरतें. मनुष्याच्या डोक्याचा केसही सामान्यतः याहून जाड असतो. शिवाय हें अंतर सर्व बाजूंनीं सारखें असावें लागतें. अंतर बरोबर असेल तर पत्रा थोडा कापला जातो आणि मग वरून व खालून निघालेल्या भेगा मध्यें एकमेकींस मिळून उरलेला भाग तुटतो. एखादें लोखंडी वायसर भिंगाखालीं धरून त्याची कड पाहावी : एक पट्टा गुळगुळीत व चकचकीत, आणि त्याला लागून दुसरा खरबरीत दिसेल. पहिला कापलेला, दुसरा तुटलेला.

येथें गृहिणींच्या परिचयाचा एक प्रश्न उभा राहतो. लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या कापल्या म्हणजे मधल्या फटींतलें पीठ उरतें. तें आपण पुन्हां मळून लाटतों. पत्र्याच्या बाबतींत ही सोय नाहीं, उरलेला तुकडा भंगारांतच जातो. चकत्या एकीसमोर एक अशा सरळ ओळींत कापल्या, तर त्या एकमेकींस अगदीं खेटून घेतल्या तरीसुद्धां शंभर भागांपैकीं साडेएकवीस भाग वायां जातात. त्याच चकत्या मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें, दोन चकत्यांच्या खाचेंत पुढच्या ओळींतील तिसरी येईल अशा मांडल्या तर ही नासाडी सुमारें नवांवर येते. व्यवहारांत दोन चकत्यांमध्यें थोडी पट्टी राखावीच लागते, म्हणून नुकसान याहून कांहीं अधिक होतें. परंतु नुसत्या मांडणीच्या विचारानें केवढी बचत होते हें यावरून ध्यानीं येईल.

कळ्यांवांचून मोदक

चकती कापून झाली. आतां तिची वाटी करावयाची, आणि येथेंच या विद्येची खरी कसोटी लागते. उकडीच्या मोदकाची पारी ज्या भगिनींनीं हातानें केली असेल त्यांना ही अडचण चटकन् समजेल. सपाट गोलाची कड वर उचलून आंत घेऊं लागलें कीं परीघ जास्त होतो आणि सामावण्यास जागा कमी पडते. म्हणून आपण चिमटीनें कळ्या पाडतों आणि तें जास्तीचें पीठ त्या कळ्यांत मुडपून टाकतों. आपल्या चकतीचाही परीघ सुमारें ४३६ मिलिमीटर आहे, आणि वाटीच्या कांठाचा परीघ असावयाचा अवघा २५१. मधल्या १८५ मिलिमीटरांचें करावयाचें काय? मोदकाची शोभा कळ्यांत असली तरी वाटीला एकही कळी पडून चालत नाहीं.

यावर योजलेली युक्ति अशी. पंच चकतीच्या मध्यावर उतरण्यापूर्वींच एक कडें चकतीचा बाहेरचा भाग डायच्या सपाट तोंडावर दाबून धरतें. मग पंच मधला भाग खालीं नेऊं लागतो, आणि बाहेरचा धातु कड्याखालून सरकत सरकत आंत येतो. आंत येतांना त्याचा घेर आकुंचित होतो. कळी पाडण्यास त्याला वर उचलूं दिलें जात नाहीं, तेव्हां तो आपल्या जागींच आंवळला जातो आणि लांबीच्या दिशेनें वाढून वाटीची भिंत बनतो. थंड पोलाद घट्ट पिठासारखें वाहतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति वाटेल, पण घडतें तें अक्षरशः असेंच.

कड्याचा दाब कमी पडला तर चुण्या पडतात. जास्त झाला तर धातु सरकूं शकत नाहीं, ताण वाटीच्या बुडाजवळील वळणावर येतो आणि तेथें ती फाटते. डायच्या मुखाची कड येथें धारदार नसून गोलसर घोटलेली असते. ती तीक्ष्ण राहिली तर पत्रा अडकून तुटतो, फार गोल झाली तर पुन्हां चुण्या पडतात. पंच आणि डाय यांमधील अंतर येथें पत्र्याच्या जाडीहून किंचित् जास्त ठेवतात. चकतीला वंगण लावावें लागतें. इतकें करूनही एका ओढींत साधणाऱ्या खोलीला मर्यादा आहे : चकतीचा व्यास पंचाच्या व्यासाच्या दुपटीहून फारसा मोठा असून चालत नाहीं. म्हणून वाटी एका ओढींत होते, पण उंच पेला दोन-तीन टप्प्यांनीं ओढावा लागतो. प्रत्येक ओढीबरोबर पोलाद अधिकाधिक कठीण व हट्टी होत जातें. अशा वेळीं त्याला हजार अंशांहून अधिक तापवून मऊ करतात आणि मगच पुढची ओढ घेतात.

या हट्टीपणाचा पुरावा घरच्या घरीं पाहतां येतो. शेंकडा अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असलेल्या पोलादाच्या सपाट पत्र्याला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाहीं. परंतु त्याच पत्र्याचें खोल भांडें ओढलें म्हणजे जेथें धातूला सर्वांत अधिक सोसावें लागलें त्या कांठाकडील भागांत त्याची आंतरिक रचना कांहीं अंशीं बदलते आणि तेथें लोहचुंबक थोडा धरूं लागतो. असें भांडें घरीं असेल तर बुडाला न चिकटणारा चुंबक कांठाजवळ हलकेंच ओढ घेतांना आढळेल. सर्वत्र घट्ट चिकटत असेल तर तें भांडें बहुधा निकेल नसलेल्या जातीच्या पोलादाचें समजावें.

डायमधून निघालेल्या वाटीचा कांठ सरळ नसतो. त्यावर लहान लहान कान उठलेले असतात. लाटून केलेल्या पत्र्याला लांकडाप्रमाणें एक दिशा असते आणि सर्व दिशांनीं तो सारखा सरकत नाहीं, म्हणून असें होतें. ते कान कापून कांठ समान करतात, मग तो बाहेर वळवितात, आणि शेवटीं झिलई देतात. वळलेला कांठ ओठांस कापत नाहीं आणि पातळ वाटीला ताठपणाही देतो.

मूक कारागीर

झारा, गाळणी, किसणी यांचीं भोकेंही पंच आणि डाय यांनींच पाडलेलीं असतात. तेथें एक मौजेचा नियम आहे : कापून निघालेली चकती डायच्या मापाची होते, आणि मागें राहिलेलें भोक पंचाच्या मापाचें. म्हणून चकती हवी असेल तेव्हां डाय अचूक करून पंच तेवढा लहान करतात, आणि भोक हवें असेल तेव्हां याच्या उलट. विजेच्या पंख्याच्या पोटांतील लोखंडी गाभा अशाच पातळ पत्र्यांची चवड असते. मोटारगाडीचें दार, घड्याळांतील चाकें, बाटलीचें दांतेरी झांकण, हा सारा परिवार एकाच घराण्यांतला. नाणें हें त्यांतील वडीलधारें होय. वरचा ठसा आणि खालचा ठसा यांमध्यें चकती कोंडून असा दाब देतात कीं धातु दोन्हींकडील बारीक रेषांत शिरतो. हातांतील नाण्यावर सालाच्या आंकड्याखालीं हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण दिसली तर तें मुंबईच्या टांकसाळींत छापलेलें आहे असें जाणावें.

या सर्व वस्तूंच्या मागें जो खरा कारागीर उभा असतो तो दाबयंत्रावर नसून हत्यारशाळेंत असतो. कर्ब आणि क्रोमियम भरपूर असलेलें हत्यारी पोलाद घेऊन तो पंच आणि डाय घडवितो, तापवून पाणी देऊन त्यांना कठीण करतो, आणि मग शेवटचा अंश घोटून काढतो. एके काळीं हें काम कानस, निळा रंग आणि नजर यांवर चालत असे. रंग लावलेला पंच डायमध्यें हळूच बसवावयाचा, रंग कोठें खरवडला गेला तें पाहावयाचें, आणि तेवढीच जागा कानशीनें उतरावयाची. आतां पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार विजेच्या ठिणग्यांनीं कठीण पोलाद कापते, आणि तारेची वाट संगणक आंखून देतो. साधनें बदललीं, पण अंतराचा हिशेब करणारी बुद्धि तीच राहिली. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत दाबयंत्रें बनविणाऱ्या ओबर्लिन स्मिथ यांनीं १८९६ सालीं या कामावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून या हस्तकौशल्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळत गेली आहे.

आपल्या प्रांतांतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखालीं टेल्को कंपनीनें पुण्याजवळ कारखाना उभारला, तेव्हां गाड्या बनविण्याआधीं यंत्रें आणि दाबयंत्रांचीं हत्यारें बनविणारे विभाग उभे केले आणि तरुणांना त्या कामांत तयार केलें. पुण्याची पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्यें. आधीं हत्यार, मग माल, हा क्रम ज्यास कळला त्यासच कारखानदारी कळली असें म्हणावें लागेल.

तिसरें अंतर

पंच आणि डाय यांमधील अंतर हें पहिलें. कडें आणि डाय यांमध्यें पत्र्याला सरकण्यापुरतें राखलेलें अंतर हें दुसरें. या दोहोंवर ग्रंथ लिहिले गेले, कोष्टकें तयार झालीं, मापण्याचीं सूक्ष्म उपकरणें निघालीं. तिसरेंही एक अंतर आहे, आणि तें मापण्यास कोणतेंही सूक्ष्म उपकरण लागत नाहीं. तें म्हणजे कामगाराचा हात आणि पंच यांमधील अंतर.

लहान कारखान्यांत पुष्कळ ठिकाणीं चकती हातानें डायवर ठेवतात आणि झालेला नग हातानेंच उचलतात. मिनिटाला पंधरा नग धरले तर आठ तासांत सात हजार दोनशें वेळां तो हात पंचाखालीं जातो व बाहेर येतो. यंत्र मिनिटाला साठ फेऱ्यांचें असेल तर पंच वरून खालीं येण्यास अर्धा सेकंद लागतो. धोका डोळ्यांस दिसून हात मागें हटूं लागण्यासच पाव सेकंद निघून जातो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत आणखी एक भय असतें. फिरत्या चाकाशीं ठोकळा एकदां खिळीनें जोडला गेला कीं पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो थांबवितां येत नाहीं. ती खिळी झिजली तर पाय उचलल्यावरही यंत्र आपण होऊन दुसरा ठोका मारूं शकतें. सात हजारांपैकीं एका वेळीं लक्ष ढळलें किंवा झिजलेल्या खिळीनें दगा दिला, तर अकरा टनांचें तें बळ पत्रा कोणता आणि बोट कोणतें याची निवड करीत नाहीं.

हें कल्पनेचें चित्र नव्हे. गुरुग्राम येथील ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील अपघातांवर २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नांवानें अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. पॉवर प्रेसवर हात आणि बोटें चिरडलेल्या कामगारांच्या हकीकती त्यांत पुनः पुनः येतात, आणि हरियाणाबरोबर महाराष्ट्राचेंही नांव त्यांत आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जें परिशिष्ट जोडलेलें होतें त्यांत, पुढील सुधारणांनंतर, मनुष्याच्या हाताचा जमाखर्च आंकड्यांत मांडला गेला : आंगठा गेला तर कमावण्याची शक्ति शेंकडा तीस भाग गेली, तर्जनी संपूर्ण गेली तर चौदा, मधलें बोट गेलें तर बारा, अनामिका किंवा करंगळी गेली तर सात. भरपाई ठरविण्यास असे आंकडे लागतात हें खरें. पण त्याच बोटांनीं मुलाच्या सदऱ्याची गुंडी लावावयाची असते आणि भाकरीचा तुकडा मोडावयाचा असतो, याची नोंद कोणत्याही परिशिष्टांत होत नाहीं.

विशेष खेदाची गोष्ट ही कीं उपाय अज्ञात नाहींत. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा घालण्याचें बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानेंच मालकांवर घातलें होतें. डायभोंवतीं अशी जाळी बसवितां येते कीं फटींतून पत्रा आंत जाईल पण बोट जाणार नाहीं. पायाखालच्या पट्टीऐवजीं एकमेकींपासून दूर बसविलेल्या दोन कळा, दोन्ही हातांनीं एकाच वेळीं दाबल्याशिवाय यंत्र चालूंच नये अशी योजना करतां येते. मग हात पंचाखालीं असणें शक्यच राहत नाहीं. प्रकाशकिरणांचा पडदा हाताची चाहूल लागतांच यंत्रास अडवितो. मात्र त्यासाठीं मध्येंच थांबूं शकणारी घर्षणाची जोडणी यंत्राला असावी लागते, जुन्या खिळीच्या यंत्रावर तो पडदा फसवा ठरतो. कांहींच नाहीं तर चकती ठेवण्यास लांब चिमटा किंवा चुंबकाची कांडी तरी देतां येते. पण आडोशामुळें हात थोडा अडखळतो, तासाचे नग कमी होतात, नगांवर मजुरी ठरलेली असते आणि माल उद्यां पोंचवावयाचा असतो. म्हणून आडोसा काढून कोपऱ्यांत ठेवला जातो. कधीं मालक काढावयास सांगतो, कधीं मुकादम डोळेझांक करतो, आणि कधीं कामगार स्वतःच काढतो. कारण घरीं पैसे पाठवावयाचे असतात. दोष मात्र बहुधा एकट्या कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकला जातो. सात हजार वेळांपैकीं एकदांही न चुकण्याची अपेक्षा ज्या व्यवस्थेंत मनुष्याकडून केली जाते, ती व्यवस्थाच चुकीची आहे असें कां म्हणूं नये?

आपलें कर्तव्य

आपल्यासारख्या सुशिक्षित घरांशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आज क्वचितच असें एकत्र कुटुंब असेल कीं ज्यांत एखादा मुलगा, सून अथवा भाचा इंजिनिअर नाहीं. यांच्यापैकीं कोणी उद्यां कारखान्याचा व्यवस्थापक होईल, कोणी औद्योगिक वसाहतींत चार दाबयंत्रें टाकून स्वतःचा धंदा मांडील, कोणी मोठ्या कंपनीसाठीं छोट्या कारखान्यांकडून माल विकत घेईल. डायचें अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासणारे हे डोळे जाळी जागेवर आहे कीं नाहीं हेंही पाहतील, तर पुष्कळ हात वांचतील. माल घेणाऱ्यानें भाव विचारतांना हाही एक प्रश्न विचारला, तर देणाऱ्याला तो टाळतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. हातानें धातु घडविण्याचें काम आपल्या समाजानें फार काळ दुसऱ्यांवर सोंपविलें आणि स्वतः लेखणी धरून बसला. हत्यारें घडविण्याची विद्या गणित, चित्रकला आणि हस्तकौशल्य यांचा संगम आहे, आणि ती रीतसर शिकविणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही त्यांपैकीं एक. ज्या मुलास वस्तु उलगडून पाहण्याची आवड आहे त्यास पदवीच्या रांगेंत ढकलण्यापूर्वीं हा मार्गही दाखवावा. तेथें मुलीही तितक्याच योग्यतेनें काम करूं शकतात, कारण दहा-अकरा टन उचलण्याचें काम यंत्राचें असतें. मनुष्यानें आणावयाची ती नजर आणि विवेक.

तांबटाचा हातोडा त्याच्याच हातांत होता. केवढा जोर लावावा आणि कोठें थांबावें हें त्याचा हात त्या क्षणीं ठरवीत असे. दाबयंत्रानें जोर हातापासून वेगळा केला, म्हणून थांबण्याची जागा आधींच ठरवून ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आली. पत्र्याच्या बाबतींत ती आपण उत्तम रीतीनें पार पाडली आहे. ज्या कारखान्यांत तिसरें अंतरही पहिल्या दोहोंइतक्याच काटेकोरपणें राखलें जातें, त्याच कारखान्याला ही विद्या पुरी आली असें समजावें.